खोकं ठरलं, आता आतबाहेर काय काय घ्यायचं?

दिवाळीच्या तोंडावर हमखास फोन येतो, "ताई, २०० डबे घेऊन ठेवलेत, आता त्यात घालायला पेपर ग्रास, रिबन, टॅग, स्टिकर काय काय घेऊ सांगा की." आणि मी दरवेळी उलटं विचारते, आत माल कुठला आहे, तो जाणार कसा आणि उघडणार कोण? कारण ही तीन उत्तरं नसतील तर बाजारात जाऊन जे चमकतंय ते उचललं जातं, आणि मग घरी दहा प्रकारच्या रिबिनी पडून असतात पण हळदीच्या बाटलीचं झाकण गळतंय त्याला लागणारी चार आण्याची वॅड, म्हणजे झाकणाच्या आत बसणारी गोल चकती, नसते.

आम्ही दोघी जावा सांगलीत विश्रामबागला घरातूनच गिफ्टचे डबे भरून देतो. तासगावचा बेदाणा, आपली हळद, साताऱ्याचे कंदी पेढे, गूळ, भडंग, संक्रांतीला वाणाच्या पोटल्या, लग्नसराईत रिटर्न गिफ्ट असं वर्षभर काहीतरी चालू असतं. काही माल दुकानातून विकायला जातो, काही कुरिअरनं, काही पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. म्हणून खाली जे लिहितेय ते सगळं हातानं करून बघितलेलं आहे. डबा कुठला घ्यायचा हा वेगळा विषय, इथं फक्त डब्यासोबत लागणाऱ्या बाकीच्या वस्तू.

पहिलं काम बाजारात जायच्या आधी घरात बसून करायचं. रिकामा डबा समोर ठेवा, त्यात जायचा खरा माल ठेवा, झाकण लावा आणि कानाजवळ धरून हलवा. काय वाजतंय, काय सरकतंय, काय एकमेकाला घासतंय ते कागदावर लिहा. मग झाकण उघडून बघा काय आडवं झालंय. एवढ्यावरच तुमची अर्धी यादी तयार होते, कारण आत घालायची प्रत्येक वस्तू यातला एखादा त्रास बंद करायला असते आणि ज्या वस्तूला असं काम सांगता येत नाही ती मी यादीतून काढते, कितीही छान दिसू दे.

खाण्याला लागणारी वस्तू सगळ्यात आधी

सजावट शेवटी, खाण्याला टेकणारी गोष्ट पहिली. पेढा तूप सोडतो, म्हणून पेढ्याखाली आणि वर बटर पेपर पाहिजेच, आणि तो दुकानदाराकडून फूड ग्रेड म्हणून विचारून घ्यायचा. रंगीत टिश्यू पेढ्याला थेट लावू नका, तूप लागलं की रंग उतरतो आणि गुलाबी डाग पेढ्यावर येतात. वर्तमानपत्राचा तर प्रश्नच नाही, एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, २०१८ च्या पॅकेजिंग नियमातच खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला बंदी आहे आणि छपाईची शाई खाण्याला लागता कामा नये असंही आहे. त्यामुळं डब्याच्या आतल्या बाजूला सुंदर छपाई करून त्यावर उघडा सुकामेवा ओतायची जी फॅशन आलीय ती करायची असली तर मध्ये साधा पांढरा फूड ग्रेड कागद घाला.

हळदीचं वेगळं. हळद उजेडात ठेवली की रंग फिका पडत जातो, त्यामुळं काचेची पारदर्शक बाटली दिसायला कितीही चांगली असली तरी दुकानाच्या दारातल्या शेल्फवर उन्हात महिनाभर बसणार असेल तर तिला बाहेरून कागदी स्लीव्ह घाला, समोर एक छोटी खिडकी ठेवा म्हणजे रंग दिसतो आणि बाकी बाटली झाकलेली राहते. दुसरं म्हणजे हळदीची पूड झाकणाच्या आट्यातून बाहेर येतेच. मी एकदा एका लग्नाच्या ऑर्डरला पांढऱ्या टिश्यूत बाटल्या गुंडाळून दिल्या, गाडीतून कराडपर्यंत जाईस्तोवर प्रत्येक बाटलीच्या गळ्याभोवती टिश्यूवर पिवळं कडं उमटलेलं, वरमाईनं एक एक बाटली हातात घेऊन अंगठ्यानं ते कडं पुसायचा प्रयत्न केला आणि ते अजूनच पसरलं. लग्नाची हळद म्हणून त्यांनी गोड मानून घेतलं पण माझा जीव तेव्हा थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून हळदीच्या, तिखटाच्या, मसाल्याच्या बाटलीला झाकणाच्या आत वॅड बसवून इंडक्शन सील मारते, म्हणजे मशीननं वॅडची फॉईल बाटलीच्या तोंडाला चिकटवते. मशीन नसेल तर दाबून चिकटणारी वॅड मिळते ती चालते, आणि झाकणावरनं श्रिंक बँड, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी प्लास्टिकची पट्टी. श्रिंक बँडला फक्त हॉट एअर गन लागते, बाटलीचा गळा आणि झाकण यातला जो घेर मोठा तो सुतळीनं मोजून न्यायचा आणि त्यापेक्षा जरासा मोठा बँड घ्यायचा, अगदी मापाचा घेतला तर वरून सरकवताना वेळ जातो आणि खूप मोठा घेतला तर तापवल्यावर चुण्या पडतात.

सिलिका जेलची पुडी सगळ्यात घालायची सवय लागलीय लोकांना. हळद, मसाला, भडंग, चिवडा यात ठीक आहे. बेदाण्यात नको, बेदाण्यात थोडा ओलावा असावाच लागतो, तो गेला की दाणा कडक होतो. आणि निळ्या मण्यांची सिलिका मिळते, ओलावा ओढला की गुलाबी होणारी, तिच्यात कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते विषारी आहे, खाण्याच्या डब्यात ती अजिबात घालू नका, पांढऱ्या मण्यांची फूड ग्रेड पुडी घ्या आणि तिच्यावर 'खाऊ नये' असं मराठीत छापलेलं असेल तर फारच चांगलं, घरात लहान पोरं आणि चष्मा न लावणारी आजी-आजोबा असतात. ऑक्सिजन ओढणारी पुडी वेगळी, ती फक्त हवाबंद सील केलेल्या जाड पाऊचमध्येच काम करते, नुसत्या पुठ्ठ्याच्या डब्यात टाकली तर पैसे वाया.

वासाचं पण बघा. दिवाळीच्या डब्यात अगरबत्ती, धूप, उटणं, सुगंधी साबण आणि सोबत पेढे, असा डबा सगळ्यांना आवडतो, आमच्याकडनं पण गेलाय, आणि गिऱ्हाईकाचा फोन आला की पेढा खाताना तोंडात चंदनाची अगरबत्ती येतेय. तुपाच्या आणि दुधाच्या पदार्थाला वास लगेच लागतो. कागदी पार्टिशननं वास अडत नाही. सुगंधी वस्तू वेगळ्या सीलबंद पाऊचमध्ये घाला आणि तरी शंका असेल तर ती डब्याबाहेर बांधा, रिबनीच्या गाठीत अडकवलेली छोटी पुडी छान दिसते पण.

आतली हालचाल थांबवायची कशानं

पेपर ग्रास, म्हणजे ते बारीक कातरलेलं कुरळं कागद, सगळ्यांना तेच आठवतं. त्याचं खरं काम हलका माल उचलून वर दाखवायचं आहे. जड माल धरून ठेवायचं काम त्याला जमत नाही. भरताना डबा गच्च दिसतो, पण गाडीच्या हादऱ्यानं ते ग्रास दबून खाली बसतं आणि काचेची बाटली मोकळी होते. खंबाटकी उतरून पुण्याला पोचेपर्यंत बाटली डब्यात गोल फिरलेली असते. म्हणून काच, मातीच्या पणत्या, चिनीमातीचा कप असं काही असेल तर पुठ्ठ्याची जाळी करून घ्या, उभी आडवी खाच मारून एकमेकात बसणारी. डबेवाला डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, काढून देतोच पण ५०-१०० डब्यांसाठी डायचा खर्च परवडत नाही, तेव्हा ३ प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या, कोरुगेटेड शीटमधून घरी कटर आणि स्टीलच्या पट्टीनं कापली तरी चालते, मी अजून कापते. खाच शीटच्या जाडीपेक्षा किंचित रुंद ठेवायची नाहीतर जाळी वाकडी बसते. आणि शीट अशी धरायची की आतल्या नळ्या उभ्या राहतील, आडव्या राहिल्या तर वरून वजन आलं की दबते.

जाळीवर वरून पातळ थर ग्रासचा टाकला की दिसायलाही भरलेलं. दोन्हीचं काम वेगळं आहे, दोन्ही वापरा.

फोमचा कापलेला साचा, म्हणजे बाटली बरोब्बर बसेल असा खड्डा असलेला, तो दागिने, अत्तर, घड्याळ असल्या महागड्या वस्तूला शोभतो. पण माल बदलला की साचा फुकट जातो. आम्ही एका वर्षी गोल बाटलीचा साचा केला आणि पुढच्या वर्षी बाटलीवाल्यानं ती बाटलीच बंद केली. त्यापेक्षा पुठ्ठ्याचा खोटा तळ करा, त्याला पाहिजे तशी गोल भोकं पाडता येतात आणि खाली जागा राहते तिथं माहितीचं कार्ड जातं.

टिश्यू पेपर पातळ असतो, साधारण १७ ते २० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), त्याच्यावर संरक्षणाची भिस्त ठेवू नका. त्याचं काम उघडताना हाताला थांबवायचं आहे. डब्याच्या लांबी-रुंदीच्या जवळपास दुप्पट शीट लागते तेव्हा दोन्ही बाजूंनी घडी मध्ये येते आणि स्टिकरनं बंद करता येते. गडद लाल आणि गडद हिरवा टिश्यू घ्यायचा झाला तर आधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघा, कच्च्या रंगाचा असला तर कापड लगेच सांगतं.

बबलची शीट लावताना फुगे मालाकडं, सपाट बाजू बाहेर. आता मधमाश्यांच्या पोळ्यासारखा ताणला जाणारा क्राफ्ट पेपर मिळतो, तो ओढून गुंडाळला की एकमेकात अडकतो, टेपही लागत नाही, आणि गिफ्टच्या डब्यात प्लास्टिकपेक्षा बरा दिसतो. मी बाटल्यांना आता तोच वापरते.

कुरिअरनं जायचं असेल तर बाहेरचं खोकं

इथं सेंटीमीटरला पैसे लागतात म्हणून जरा नीट सांगते. कुरिअरवाले खरं वजन आणि जागेचं वजन दोन्ही काढतात आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. जागेचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि भागिले बहुतेक ठिकाणी ५०००. तुमचा भागाकार कितीचा आहे ते कुरिअरवाल्याला आधी विचारून घ्या. आमचा नेहमीचा डबा २४ बाय १८ बाय ८, वजन किलोच्या आतच. त्याला सगळ्या बाजूंनी ३ सेंटीमीटर मोकळं ठेवून खोकं केलं तर ते होतं ३० बाय २४ बाय १४, गुणाकार १०,०८०, म्हणजे २ किलोच्या जरासं वर, आणि अर्ध्या किलोचे टप्पे असतील तर बिल लागतं अडीच किलोचं. तेच ३ च्या जागी २ सेंटीमीटर ठेवलं तर २८ बाय २२ बाय १२, गुणाकार ७,३९२, म्हणजे दीड किलोच्या आत. एका सेंटीमीटरनं एका डब्यामागं एक किलोचं भाडं वाचलं आणि २ सेंटीमीटरची फट नीट दाबून भरली तर माल तितकाच सुरक्षित जातो. म्हणून गिफ्टच्या डब्याचं माप ठरवतानाच बाहेरच्या खोक्याचं माप ठरवा, नंतर मिळेल ते खोकं घेऊ असं ठेवू नका.

एका डब्याला ३ प्लाय पुरतं, चार-सहा डबे एकत्र जात असतील किंवा काच जास्त असेल तर ५ प्लाय. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडं माल पाठवणाऱ्यांनी ३ च्या जागी ५ प्लायच धरावी, दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि एकावर एक रचलेल्या खोक्यातलं खालचं बसतं. टेप ४८ मिलिमीटरची, मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांना, इंग्रजी एच अक्षरासारखी. स्टेपलरच्या पिना खाण्याच्या पॅकिंगला नकोच, एखादी पिन सुटून पेढ्यात गेली तर त्याला भरपाई नाही.

सगळं भरून झालं की एक खोकं जेवणाच्या टेबलाच्या उंचीवरनं टाकून बघा, एकदा कोपऱ्यावर, एकदा कडेवर, एकदा सपाट. हो, खरा माल घालून. पहिल्या वेळी माझ्या जावेनं डोळे झाकून घेतले होते. पण घरातल्या फरशीवर एक बाटली फुटलेली बरी, कारण २०० खोकी गेल्यावर जे कळतं ते फार महागात पडतं.

रिबन का स्लीव्ह

हातात द्यायच्या गिफ्टला रिबन, दुकानात रचायच्या मालाला स्लीव्ह, हे मी आता डोळे झाकून सांगते. रिबनीची गाठ वर आली की डब्यावर डबा बसत नाही, दुकानदार पहिल्या दिवशी रचतो, दुसऱ्या दिवशी ढीग कलतो, तिसऱ्या दिवशी तुमचा माल खालच्या फळीवर गेलेला असतो. कागदी स्लीव्ह, म्हणजे डब्याला कमरपट्ट्यासारखी बसणारी रुंद पट्टी, सपाट राहते, तिच्यावर सगळा मजकूर छापता येतो आणि साधा तयार डबा घेऊन सण बदलेल तशी फक्त पट्टी बदलता येते. राखीला एक पट्टी, दिवाळीला दुसरी, डबा तोच. छोट्या धंद्याला याच्यासारखी सोयीची वस्तू नाही. पट्टी घट्ट पाहिजे पण दोन बोटांनी सरकली पाहिजे, म्हणून छापायच्या आधी साध्या कागदाची कापून डब्यावर चढवून बघा, आणि डब्यात माल भरलेला असताना बघा कारण भरलेला डबा थोडा फुगतो.

रिबनीचा हिशोब. डब्याला अधिक चिन्हासारखी रिबन बांधायची तर दोनदा लांबी, दोनदा रुंदी, चारदा उंची आणि वर बो साठी ५० सेंटीमीटर. आमच्या डब्याला ४८ अधिक ३६ अधिक ३२ अधिक ५०, झाले १६६. म्हणजे २५ मीटरच्या रोलमध्ये १५ डबे काठोकाठ, २०० डब्यांना १४ रोल घेतले की झालं असं वाटतं. पण बऱ्याच रोलवर जो २५ आकडा असतो तो यार्डाचा असतो आणि यार्ड म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर, म्हणजे रोल २२.८६ मीटरचाच. त्यात १३ डबे होतात, १४ रोलमध्ये १८२, आणि रात्री अकरा वाजता १८ डबे रिबनीवाचून उभे. गणपती पेठेतली दुकानं त्या वेळी बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच रंगाचा रोल मिळेलच असं नाही, लाल रंगाच्या पण पाच छटा असतात. रोल घेताना 'यार्ड का मीटर' एवढं विचारा आणि एक रोल वरचा घ्या.

साटीनची रिबन गुळगुळीत म्हणून गाठ सुटते, बांधताना खाली एक साधी घट्ट गाठ मारून मगच बो करा. बारीक आडव्या रेघांची रिबन मिळते ती सरकत नाही, कुरिअरच्या मालाला ती चांगली. टोकं तिरकी कापून मेणबत्तीच्या बाजूनं नुसती फिरवायची, धागे सुटत नाहीत. ज्यूटची सुतळी गावरान मालाला, गुळाला, सेंद्रिय हळदीला फार देखणी दिसते पण तिचे तंतू गळतात, म्हणून ती बंद डब्याच्या बाहेरच, उघड्या टोपलीतल्या खाण्यावर नको.

पोटली करायची असेल तर आपल्याकडं विटा, माधवनगर, पलीकडं इचलकरंजी, कापडाला तोटा नाही. ऑर्गंझाची तयार जाळीदार पोटली स्वस्त पडते खरी पण संक्रांतीच्या वाणाला खणाची किंवा साध्या सुती कापडाची पोटली दिली तर ती पुढं घरात वापरली जाते, सुपारी-बदाम ठेवायला, देवाच्या कापुराला. सासूबाई म्हणतात वाण म्हणजे बाईच्या घरात राहिलं पाहिजे असं काहीतरी, आणि मला ते पटतं. मग त्या पोटलीवर धंद्याचं नाव छापताना छोटं, आतल्या बाजूला छापा, मोठ्या नावाची पोटली कुणी देवघरात ठेवत नाही.

जिलेटीन पेपरबद्दल अजून बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून ठळक सांगते. १ जुलै २०२२ पासून देशभरात ज्या एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली त्यात मिठाईच्या बॉक्सवर आणि निमंत्रण पत्रिकेवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म आहे, आणि सजावटीचं थर्माकोलही आहे. म्हणजे पेढ्याच्या डब्यावर चकचकीत प्लास्टिक गुंडाळून बो लावायची जुनी पद्धत आता बंद. आपल्या राज्यात तर २०१८ पासूनच प्लास्टिक-थर्माकोलवर कडक नियम आहेत. पर्याय सोपा आहे, कागदी स्लीव्ह आणि दोन्ही कडांना एक एक सील स्टिकर, डबा उघडलेला नाही हे पण कळतं. प्लास्टिकची कॅरीबॅग आपल्या राज्यात चालतच नाही आणि ती कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी ६० जीएसएमच्या खालची चालत नाही. मी कागदी पिशवी देते, दोरीच्या हँडलची, तळाला पुठ्ठा टाकून, तळाला पुठ्ठा नसेल तर दीड किलोच्या डब्याला तळ सुटतो.

टॅग, कार्ड, स्टिकर

मराठी मजकूर छापणाऱ्यांनी इथं थांबून वाचा. आपण मोबाईलवर युनिकोडमध्ये टाईप करून पाठवतो, छापखान्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये तो पेस्ट केला की जोडाक्षरं फुटतात, 'शुभेच्छा' मधला च्छ सुटतो, 'साताऱ्याचे' मधला ऱ्या भलताच होतो, वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर बसते. ऑपरेटर घाईत असतो, त्याला कळत नाही. म्हणून मजकूर टाईप करून पाठवा आणि सोबत त्याचाच फोटो किंवा पीडीएफ पण पाठवा, आणि छापायच्या आधी आलेला प्रूफ मोठ्यानं अक्षर अक्षर वाचा, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. लग्नाच्या टॅगवर तर नवऱ्या मुलीचं नाव चुकलं तर ते टॅग घरात कुणी ठेवून घेत नाही.

टॅग ३०० जीएसएमच्या आसपासचा जाड असला की हातात बरा वाटतो, मॅट लॅमिनेशन केलं तर त्यावर पेननं नीट लिहिता येत नाही हे लक्षात ठेवा. आम्ही टॅगची मागची बाजू मुद्दाम कोरी, लॅमिनेशन न करता ठेवतो, तिथं देणाऱ्यानं हातानं दोन शब्द लिहायचे.

स्टिकर कागदी का प्लास्टिकचा हे बाटलीवरून ठरवा. मध, जॅम, लोणचं, ओल्या हाताचा किंवा फ्रीजमधला माल असेल तर पाणी न धरणारा पीपी किंवा व्हिनाईल (दोन्ही प्लास्टिकचे प्रकार), कोरड्या डब्याला कागदी पुरतो. नमुना आला की अंगठा ओला करून दहा वेळा घासा, शाई पसरली तर परत पाठवा. सोनेरी फॉईल एका छोट्या ठिकाणीच करा, आणि बारकोडवर तर कधीच नको. बारकोड पांढऱ्यावर काळा, लाल रंगात छापला तर स्कॅनरच्या लाल उजेडाला तो दिसतच नाही, आणि बारीक गोल बाटलीवर बारकोड शिडीसारखा लावा, म्हणजे रेघा आडव्या येतील, नाहीतर वळणावर वाचला जात नाही.

दुकानात अडकवायच्या पाऊचला वर युरो होल, म्हणजे हुकात अडकवायचं भोक, मारून घ्या, ते नसेल तर चिकटवायचा हँग टॅब मिळतो. किराणा दुकानात शेल्फ भरलेलं असतं पण काउंटरच्या वरच्या हुकला जागा असते.

आता कायद्याचा मजकूर, कारण सुंदर स्लीव्ह चढवली आणि तिच्याखाली सगळं झाकलं गेलं असं फार होतं. पॅकबंद मालावर २०११ च्या वजन-मापाच्या नियमांप्रमाणं बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसहित एमआरपी, तक्रारीसाठी फोन-ईमेल लागतं. खाण्याचं असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, घटक पदार्थ, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, किती दिवसांत खायचं ते. बाहेरच्या वेष्टनातून आतलं स्पष्ट वाचता येत असेल तर परत छापायची गरज नाही, पण वाचता येत नसेल तर बाहेर पाहिजेच. म्हणून स्लीव्हचं डिझाईन करतानाच मागची अर्धी बाजू या मजकुराला सोडा. आणि आपल्या हळदीला, बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे म्हणून त्याचा लोगो टॅगवर छापायचा मोह होतो, मला पण झाला होता, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच तो वापरता येतो. 'तासगावचा बेदाणा' असं खरं असेल तर शब्दांत लिहा, कुठल्या शिवारातला आहे तेही लिहा, लोकांना ते वाचायला आवडतं.

घ्यायचं कधी आणि किती

दिवाळीचं सामान मी गणपतीच्या आधी घेते. नंतर रंग मिळत नाहीत आणि छापखान्यात नंबर लागत नाही. आधी प्रत्येक वस्तूचा एकच नग आणून एक पूर्ण डबा भरायचा आणि घड्याळ लावून भरायचा. आमचा एक डबा पहिल्यांदा ११ मिनिटं खात होता, २०० डब्यांना त्या हिशोबानं साडेछत्तीस तासांच्या वर लागले असते, दोघींना तीन दिवस. त्यात सगळ्यात जास्त वेळ टॅग ओवण्यात जात होता कारण भोक बारीक आणि दोरा जाड. आयलेट, म्हणजे भोकाला धातूची कडी, मारलेला टॅग घेतला आणि दोऱ्याऐवजी रिबनीतच ओवला, वेळ ७ मिनिटांवर आला. त्यामुळं वस्तू स्वस्त का महाग बघताना ती बसवायला किती वेळ लागतो हेही किमतीत धरा, मजुरीनं बाई लावली तर तो वेळ लगेच पैशात दिसतो.

खर्चाचं माझं गणित असं की डबा धरून सगळं पॅकिंग आतल्या मालाच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या पुढं जाऊ द्यायचं नाही. पुढं जायला लागलं तर मी एक वस्तू कमी करते आणि त्या पैशाचा बेदाणा वाढवते. लग्नाचा मोठा हँपर असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डबाही भेटच असतो.

नग घेताना शंभरामागं पाच जास्त, स्टिकर असतील तर दहा जास्त, कारण वाकडा लागलेला स्टिकर काढला की परत लागत नाही. उरलेलं सामान फेकू नका, फक्त ठेवायची जागा नीट बघा. रिबिनी उन्हापासून लांब, स्टिकरचे रोल आडवे, पुठ्ठ्याची जाळी सपाट आणि वर वजन ठेवून. आणि यातलं काहीच जमिनीवर नको. २०१९ ला कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ओळखीच्या एका दुकानदाराचा राखी-दिवाळीचा सगळा पुठ्ठा खालच्या मांडणीत होता, पाणी ओसरल्यावर त्याचा लगदा फावड्यानं काढावा लागला. आम्ही आमचं सगळं सामान माळ्यावर ठेवतो, प्रत्येक पिशवीवर डब्याचं माप आणि किती नग उरलेत ते मार्करनं लिहून.